संपणारे खेळ

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत गेल्या काही महिन्यांपासून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे. कुणी लाजत विचारते, कुणी तक्रारीच्या सुरात. दिवसभराच्या कामातून पंधरा-वीस मिनिटे मोकळी मिळतात. तेवढ्या वेळात मोबाइलवर एखादा गेम खेळला तर काय हरकत आहे, आणि खेळायचाच तर कोणता? विचारणारी मंडळी लहान नाहीत. एक भगिनी शाळेत शिकवतात, एक बंधू रिक्षा चालवतात, एक जण कुवेतमध्ये बारा तासांची पाळी करून खोलीवर परततात आणि झोप येईपर्यंत काय करावे ते त्यांना सुचत नाही.

हरकत काही नाही, हे आधीच सांगून टाकते. थकलेल्या माणसाने थोडा वेळ मन रमवले तर त्याबद्दल त्याला खुलासे द्यावे लागू नयेत. आपल्याकडे पुरुष मंडळी नाक्यावर तासभर कॅरम खेळून आली तर कुणी काही म्हणत नाही. बाईने जेवणानंतर दहा मिनिटे फोन हातात घेतला की तो सासूपासून धाकट्या लेकापर्यंत सगळ्यांना दिसतो. हा विषय अलाहिदा आहे आणि त्यावर एकदा सविस्तर लिहायचे आहेच. आज 'कोणता' या प्रश्नाकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे.

वेळ कमी असलेला माणूस साहजिकच छोटा गेम शोधतो. एक डाव दोन-तीन मिनिटांचा, फुकट, हवा तेव्हा सुरू करा, हवा तेव्हा बंद करा. फोनवर गेम शोधायला गेलात की असेच गेम आधी समोर येतात. 'कँडी क्रश सागा' हा त्यातला सर्वांच्या ओळखीचा. किंग नावाच्या कंपनीने तो 2012 मध्ये आणला. रंगीत गोळ्यांपैकी एकसारख्या तीन एका ओळीत आणायच्या, की त्या फुटतात. अगदी सोपे. सुरुवातीला पाच जीव मिळतात. लेव्हल हरलात की एक जीव जातो आणि तो परत मिळायला तीस मिनिटे लागतात. पाचही गेले की थांबा, नाहीतर ओळखीच्यांकडे जीव मागा, नाहीतर पैसे भरा. लेव्हल दहा हजारांहून अधिक आहेत आणि नव्या येतच राहतात. म्हणजे एक डाव तीन मिनिटांचा आणि खेळ जन्मभराचा. ही कंपनी 2016 मध्ये सुमारे 590 कोटी डॉलरला विकली गेली. फुकटच्या गोळ्यांवर एवढा पैसा कसा उभा राहिला असेल, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

त्या तीस मिनिटांचा जरा विचार करा. तेवढ्या वेळात तुम्ही चपात्या लाटता, कुकर लावता, मुलाचा गृहपाठ बघता. आणि मनाचा एक कोपरा मात्र 'आता एक जीव आला असेल' याच हिशेबात असतो. खेळ हातात असतो तीन मिनिटे, डोक्यात असतो अर्धा तास. वर फोनही मधूनमधून आठवण करून देतो. ज्याच्याकडे वेळ भरपूर आहे त्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्याच्याकडे वीसच मिनिटे आहेत त्याची ती वीसही जातात, आणि उरलेल्या दिवसाला भोके पडतात ती वेगळीच.

नात्यातल्या एक भाभी आहेत. पती आखातात, दोन मुले शाळेत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. इशाची नमाज झाली, सासूबाईंना औषध दिले, की पतीचा व्हिडिओ कॉल येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास तेवढा त्यांचा स्वतःचा. त्या वेळात त्या याच जातीचा एक गेम खेळत असत. दोन वर्षे खेळल्या. त्यात काय आवडतं, असे मी एकदा विचारले तर म्हणाल्या, "काय माहीत, आपा. डोकं बंद होतं, एवढं खरं." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, "पण आता ह्यांचा फोन आला की मी म्हणते, एक मिनिट थांबा, एवढी लेव्हल होऊ दे. समुद्रापलीकडून माणूस दिवसातून एकदा बोलतो, आणि मी त्याला थांबवते." तेव्हा त्यांच्या तेराशेहून जास्त लेव्हल झाल्या होत्या. शेवटची कितवी, हे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटची अशी नसतेच.

गोष्ट पैशांची असती तर समजायला सोपी होती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या देशात आता कायदाच झाला आहे. संसदेने तो ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला आणि 22 ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. रमी असो वा आणखी काही, कौशल्याचा खेळ म्हणा वा नशिबाचा, पैसे लावायचे असतील तर बंदी, आणि त्याच्या जाहिरातींवरही बंदी. जुगाराबद्दल आपल्या घरांत वेगळे काही सांगायची गरज नाही. पण ज्यात पैसे लावून पैसे जिंकायचे नसतात, तरी पैसे भरून बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे असते, असे गेम आजही मुलांच्या हातात आहेत. बेल्जियमच्या जुगार नियामकांनी 2018 मध्ये अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवले होते. घरात कुणी असा गेम खेळत असेल तर एकदा शेजारी बसून बघावे. रागावण्याआधी बघावे.

आता कमी वेळाच्या खेळाचे दुसरे रूप पाहू. ज्यांनी 1997-98 नंतरचे नोकिया फोन वापरले आहेत, त्यांना तो साप आठवत असेल. नोकियाच्या 6110 या मॉडेलवर तो 1997 मध्ये आला. फिनलंडच्या तानेली अर्मांतो या इंजिनिअरने तो त्या फोनसाठी लिहिला होता. साप ठिपके खातो, लांब होतो, आणि स्वतःच्याच अंगावर आदळून मरतो. सुट्टीवर आलेल्या कुण्या चाचांचा किंवा मामूंचा असा फोन लग्नघरात या हातातून त्या हातात फिरताना पुष्कळांनी पाहिला असेल. दोन मिनिटांत डाव संपायचा आणि फोन पुढच्याकडे जायचा. तो साप कुणाला मागून बोलावत नसे. त्याला फक्त आकडा ठाऊक होता, तुम्ही कोण हे ठाऊक नव्हते.

त्याआधीचा 'टेट्रिस'ही तसाच. अलेक्सेई पाजितनोव यांनी तो 1984 मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करताना केला. वरून तुकडे पडतात, ते नीट रचायचे. हळूहळू वेग वाढतो आणि शेवटी माणूस हरतोच. या खेळाला शेवट नाही असे अनेकांना वाटत असे. डिसेंबर 2023 मध्ये एका तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने त्याच्या 1989 सालच्या आवृत्तीवर इतकी मजल मारली की 157 व्या लेव्हलला यंत्रच गोठले. म्हणजे शेवट होता, फक्त तिथवर कुणी माणूस पोहोचला नव्हता. त्याला लागलेला वेळ किती, तर साधारण चाळीस मिनिटे.

जुन्या खेळांचे कौतुक एवढ्यावर आवरते. कमी वेळ असणाऱ्यांना उपयोगी पडणारे उदाहरण अलीकडचेच आहे आणि ते 'वर्डल'चे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारे जॉश वर्डल हे सॉफ्टवेअर इंजिनिअर. कोविडच्या काळात त्यांच्या जोडीदार पलक शाह यांना शब्दकोड्यांचा नाद लागला होता, म्हणून त्यांनी घरच्यापुरता हा खेळ केला. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द, ओळखायला सहा संधी. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवे, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळे. पलक यांनी हजारो शब्दांच्या यादीतून अनवट शब्द वगळून साधारण अडीच हजार ओळखीचे शब्द बाजूला काढले. ऑक्टोबर 2021 मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला. 1 नोव्हेंबरला 90 जण खेळत होते. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी तीन लाख झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वीस लाखांच्या वर गेले. जानेवारी संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने तो दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतला.

'वर्डल'मध्येही थांबावे लागते हे लक्षात घ्या. दिवसाला एकच शब्द. आजचा झाला की उद्यापर्यंत काही नाही, आणि पैसे भरूनही आजच्या शब्दानंतर लगेच उद्याचा मिळत नसे. खेळाने माणसाची रोजची दोन-तीन मिनिटेच घ्यावीत, असा करणाऱ्याचा हेतूच होता. कँडी क्रशमध्ये थांबणे हा काचणारा खडा आहे, जो काढायला पैसे मागितले जातात. इथे थांबणे हाच नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखा लागू आहे. माझ्या परिचयातील एका घरात आई, कॉलेजातली मुलगी आणि नाशिकला नोकरी करणारा मुलगा असे तिघे रोज सकाळी तो शब्द सोडवून एकमेकांना हिरव्या-पिवळ्या चौकटी पाठवतात. आईचे इंग्रजी शाळेपुरतेच होते. आता ती मुलाला अधूनमधून हरवते, आणि हे ती शेजारणीला सांगतेही. खेळ इंग्रजीत असल्याने सगळ्यांना जमेल असे नाही, ही त्याची मर्यादा आहेच.

आता ज्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिते आहे त्या खेळांकडे. यांना सुरुवात असते, मध्य असतो आणि शेवट असतो. एखादी कादंबरिका वाचावी तसे ते संपतात. गेमच्या दुनियेत अशा खेळांना बरेच दिवस मान नव्हता. 'साठ तास पुरतो', 'शंभर तास पुरतो' हीच जाहिरात असे. मुलांना ते ठीक आहे. पण रोज वीस मिनिटे मिळणाऱ्या माणसाने साठ तासांचा गेम घेतला तर तो संपायला सहा महिने लागतात, आणि तिसऱ्या आठवड्यात पहिल्या आठवड्यातली गोष्ट विसरलेली असते. दोन तासांचा गेम सहा दिवसांत होतो.

'मॉन्युमेंट व्हॅली' असाच दोनेक तासांचा आहे. लंडनच्या अस्टू गेम्सने 2014 मध्ये केला. इडा नावाची एक लहानशी राजकन्या घुमट, कमानी, जिने आणि मनोरे यांतून वाट काढते. वाट नसते तिथे आपण इमारतच फिरवायची, की न जुळणाऱ्या दोन कडा डोळ्यांना जुळलेल्या दिसतात आणि ती त्यावरून चालत जाते. डचांचे चित्रकार एशर यांची अशक्य जिन्यांची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना याची जात कळेल. एकूण दहा प्रकरणे. एकेक प्रकरण म्हणजे एकेका रात्रीचे काम. त्यात मरणे नाही, घड्याळ नाही, कुणी पाठलागाला नाही. याच गेमला त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये आठ नवी प्रकरणे जोडली गेली आणि त्यांची थोडी किंमत ठेवली गेली. त्यावर काही ग्राहक इतके चिडले की त्यांनी रागाने एकेक तारा दिला. फुकटच्या गेमवर वर्षाला हजारो रुपये घालवणारे लोक चांगल्या कामाची ठरलेली किंमत एकदा द्यायला कुरकुरतात. आपणही शिंप्याशी घासाघीस करतो आणि ब्रँडच्या दुकानात गप्प बसतो, त्यातलाच हा प्रकार.

'अनपॅकिंग' हा मला या सगळ्यांत सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात घरकामाखेरीज दुसरे काही नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या विच बीम या छोट्या कंपनीने तो 2021 मध्ये केला. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत त्याला कथेसाठीचा आणि प्रेक्षकांच्या पसंतीचा असे दोन मान मिळाले. कल्पना सुचली ती करणारे दोघे एका घरात राहायला जाताना, खोकी सोडताना. गेममध्येही तेवढेच आहे. खोकी उघडायची, एकेक वस्तू काढायची आणि घरात जागा बघून ठेवायची. एक मुलगी 1997 ते 2018 या काळात आठ वेळा घर बदलते. ती कधी दिसत नाही, बोलत नाही. तिचे आयुष्य आपल्याला कळते ते तिच्या सामानावरून. कोणते खेळणे शेवटपर्यंत सोबत राहिले, चित्रकलेचे साहित्य कसे वाढत गेले, स्वयंपाकाची भांडी कधी आली.

2010 सालचे घर एका तरुणाचे आहे. ती त्याच्याकडे राहायला जाते. लग्नाशिवाय जाते, आणि हे आपल्या रीतीत बसणारे नाही. ज्यांना ते खटकेल त्यांनी हा गेम सोडून द्यावा. पण तिथे जे घडते ते कुठल्याही सुनेला समजेल. घर आधीच त्याच्या वस्तूंनी भरलेले आहे. तिच्या वस्तूंना जागा करायची तर त्याच्या सरकवाव्या लागतात, आणि त्याही फारशा सरकत नाहीत. तिचे पदवीचे प्रमाणपत्र फ्रेममध्ये आहे. ते भिंतीवर लावायला जावे तर भिंतीवर जागा नाही. टेबलावर नाही, कपाटात नाही. गेम ते मान्यच करत नाही, वस्तूभोवती लाल रेघ येत राहते. बराच वेळ शोधल्यावर ते बसते ते एकाच ठिकाणी, पलंगाखाली. एक शब्द न बोलता हे सगळे सांगून होते. दोन वर्षांनी ती पुन्हा आई-वडिलांच्या घरी, आपल्या लहानपणीच्या खोलीत खोकी उघडत असते.

आपल्या किती घरांत निकाहनंतर डी.एड.चे किंवा बी.ए.चे प्रमाणपत्र लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली गेले असेल! मी हा गेम एका मैत्रिणीला दाखवला. ती त्या ठिकाणी आल्यावर काही न बोलता उठली, चहा टाकला आणि मग परत येऊन बसली. एवढे करून पूर्ण गेम साधारण चार तासांचा, आणि एक खोली लावून झाली की उठता येते. फोनवरही मिळतो. कोडे सोडवायचे नसेल तर कुठलीही वस्तू कुठेही ठेवू देण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. मात्र ती सुरू केली तर पलंगाखालची गोष्ट हातातून निसटते, म्हणून सुरुवातीला तरी करू नये.

स्वयंपाकघरातलाच दुसरा खेळ 'वेण्बा'. टोरांटोच्या विसाई गेम्सने तो 2023 मध्ये आणला आणि 2024 मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमचा बाफ्टा मिळवला. दीड-दोन तासांत होतो. एक तमिळ जोडपे 1980 च्या दशकात कॅनडात गेलेले आहे. वेण्बा हे पत्नीचे नाव. तिच्या आईची पाककृतींची वही तिच्याजवळ आहे, पण पाने फाटलेली, डाग पडलेली. मधल्या ओळी वाचता येत नाहीत, त्या आपण ओळखायच्या. इडलीच्या साच्याची ताटे कशी ठेवली म्हणजे वाफ सगळीकडे पोहोचेल, पुट्टूच्या नळीत पीठ आणि खोबरे कसे घालायचे, बिर्याणीला दम कसा द्यायचा. कोकणातल्या घरी ज्यांनी सांदणे उकडली आहेत त्यांना पहिले कोडे सोडवायला मिनिटभरही लागणार नाही. चुकलात तरी शिक्षा नाही, पुन्हा करून बघायचे.

पण गोष्ट वहीची नाही, मुलाची आहे. तो तिथेच वाढतो. शाळेत डब्याची लाज वाटू लागते, आईने तमिळमध्ये विचारले की तो इंग्रजीत उत्तर देतो. पुढे मोठा झाल्यावर तो ती वही उघडून स्वतः स्वयंपाक करायला बसतो, तेव्हा त्याला आजीचे तमिळ धड वाचता येत नाही. आपली कितीतरी कुटुंबे इंग्लंडला आणि आखातात स्थिरावली आहेत. तिथून सुट्टीला येणारी नातवंडे दादीशी काय आणि किती बोलतात हे मी लिहायला नको. हा गेम संगणकावर किंवा टीव्हीला जोडायच्या यंत्रावर खेळता येतो, तेव्हा घरात मुलांसाठी ते घेतलेले असेल तर एक संध्याकाळ त्यांच्याकडून मागून घ्यावी. मुलांना शेजारी बसवले तर जास्तच चांगले.

शेवटचा खेळ वेगळ्या प्रकारचा आहे. 'बरी मी, माय लव्ह' असे त्याचे नाव. अरबीत, विशेषतः सीरिया-लेबनॉनकडे, आपल्या माणसाला मायेने म्हणतात, माझे दफन तूच करावेस. म्हणजे तुझ्याआधी मला मरण येवो, तू जप. 2015 मध्ये फ्रान्सच्या ल मोंद या दैनिकाने एका सीरियन तरुणीचा युरोपपर्यंतचा प्रवास तिच्या व्हॉट्सॲप मेसेजमधून छापला होता. त्यावरून सुचलेला हा गेम 2017 मध्ये आला. नूर होम्स शहरातून युरोपकडे निघाली आहे, पती मज्द मागे राहिला आहे. आपण मज्द. फोनवर नूरचे मेसेज येतात, आपण उत्तर निवडायचे. बोटीने जाऊ का, पैसे याच्याकडे देऊ का, पोलिसांना काय सांगू. आपण दिलेल्या सल्ल्याने तिची वाट बदलते. शेवट एकूण एकोणीस आहेत आणि सगळे सुखाचे नाहीत.

खेळायला किती वेळ लागतो? दिवसातून चार वेळा दोन-दोन मिनिटे. कारण नूर तासन् तास ऑफलाइन जाते. 'बोटीत बसते आहे' असा मेसेज येतो आणि मग दुपारभर काही नाही. तुम्ही कामावर असता, बसमध्ये असता, ताट वाढत असता. पैसे भरून हा वेळ कमी करता येत नाही. घाई असलेल्यांसाठी मेसेज लागोपाठ येण्याची सोय फुकटच दिलेली आहे, पण ती घेतली तर मज्द व्हायचे राहून जाते. इंग्रजी वाचावे लागते, साधेच आहे. कुवेतच्या ज्या बंधूंचा वर उल्लेख केला, त्यांना हा गेम सुचवताना मात्र मी थबकले. दूर असलेल्या माणसाच्या मेसेजची वाट पाहणे ते रोजच करतात. त्यांना राजकन्या इडा बरी.

गेम घेण्याआधी काही गोष्टी तपासून पाहाव्यात. कोणता गेम किती तासांत संपतो याची खेळणाऱ्यांनीच भरलेली यादी 'हाउ लाँग टू बीट' या संकेतस्थळावर असते; नाव टाकले की तासांचा आकडा येतो. आकडाच नसेल, किंवा 'संपत नाही' असे असेल, तर काय ते समजावे. गेम उतरवून घेतल्यावर फोन एरोप्लेन मोडवर टाकून बघावा. तरीही चालला तर जाहिरातींची कटकट नाही आणि प्रवासातही उपयोगी. मध्येच सोडला तर पुन्हा तिथूनच सुरू होतो का, हे पहिल्याच दिवशी मुद्दाम बंद करून पाहावे. दारावर दूधवाला आला की कळण्यापेक्षा ते बरे. नोटिफिकेशनची परवानगी मागितली तर नाही म्हणावे. अपवाद नूरचा. आणि हे गेम बहुतेक एकदाच विकत घ्यायचे असतात, एखाद्या बिर्याणीच्या पार्सलइतकी किंवा त्याहून थोडी जास्त किंमत पडते. ती देताना फोनवर कार्डाची माहिती कायमची जपून ठेवायची का असे विचारले जाते. घरात लहान मुले तोच फोन वापरत असतील तर तिथेही नाहीच म्हणावे.